विज्ञानकथेचा मान कोणी करावा?

गेल्या वर्षी पावसाळा सरत असताना दुर्ग जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेचे विज्ञानशिक्षक रायपूरला माझ्या घरी आले. निवृत्त सनदी अधिकाऱ्याकडे लोक सहसा बदलीचा अर्ज, अडकलेले निवृत्तिवेतन किंवा जमिनीची कागदपत्रे घेऊन येतात. यांनी पिशवीतून शाळेच्या वहीची वीसेक पाने काढली आणि संकोचून म्हणाले, ‘‘सर, कथा आहे. छत्तीसगढीत लिहिली आहे. कुठे पाठवावी, एवढेच विचारायचे होते.’’

कथा शंभर वर्षांनंतरच्या रायपूरची होती. कृषी विद्यापीठाच्या शीतगृहात भाताची हजारो वाणे जपून ठेवलेली आहेत. पण कोणते वाण कोणत्या मातीत आणि कोणत्या पावसाला पेरायचे, हे जाणणारे कोणी उरलेले नाही. एक यंत्र गावोगाव फिरून आठवणी गोळा करते आणि अखेर एका म्हातारीच्या ओसरीवर येऊन थांबते. कल्पना हवेतली नव्हती. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी या प्रदेशातून भाताची १९ हजारांहून अधिक वाणे गोळा केली होती. तो संग्रह आज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात आहे. २००२ मध्ये या संग्रहासंबंधी एका बहुराष्ट्रीय कंपनीशी करार होऊ घातला, तेव्हा आंदोलन उभे राहिले आणि करार बारगळला. शिक्षकांनी त्या संग्रहाला शंभर वर्षे पुढे नेले होते, इतकेच.

कुठे पाठवावी, या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. कोणता कागद कोणत्या टेबलावर जातो हे सांगता येणे, ही आम्हा सनदी मंडळींची खरी विद्या. या कागदाला टेबलच नव्हते. साहित्य अकादेमी २४ भाषांना मान्यता देते. छत्तीसगढी २००७ पासून या राज्याची राजभाषा असली तरी त्या २४ मध्ये ती नाही. मान्यता नसलेल्या भाषांसाठी अकादेमीचा ‘भाषा सन्मान’ आहे; पण तो दीर्घ सेवेचा गौरव असतो, नवख्याच्या एका कथेची तेथे दखल होणार नाही. आणि समजा, शिक्षकांनी हीच कथा हिंदीत किंवा मराठीत लिहिली असती, तर? विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांची सर्व भारतीय भाषांतून निवड करणारा, ज्याचे नाव सर्वसाधारण वाचकाला ठाऊक आहे, असा एकही राष्ट्रीय पुरस्कार आपल्याकडे रुजलेला नाही. जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि चीन या देशांत असे पुरस्कार आहेत. त्यांपैकी काहींत लेखकांच्या बरोबरीने वाचकांचा, म्हणजे या साहित्याच्या पाठीराख्यांचाही, सन्मान होतो.

तेव्हा शासनाने असा पुरस्कार सुरू करावा, असे म्हणण्याचा मोह होतो. मी तसे म्हणणार नाही. का, ते सांगण्यासाठी मराठी वाचकांच्या ओळखीच्या एका प्रसंगाकडे जावे लागेल.

१९६६ मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. ही स्वयंसेवी संस्था विज्ञानकथांची स्पर्धा घेई. १९७४ च्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या अनोळखी लेखकाच्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आपली आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ते नाव घेतले होते. तेव्हा ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, देशभर त्यांचे नाव झालेले होते. परिषदेतील मंडळी आपले हस्ताक्षर ओळखतील म्हणून त्यांनी कथा पत्नी मंगला नारळीकर यांच्याकडून उतरवून घेतली. आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये, एवढाच हेतू. पुढच्याच वर्षी, आणीबाणीच्या दिवसांत भरलेल्या कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी मराठीतील या नव्या प्रवाहाची दखल घेतली आणि ‘किर्लोस्कर’चे मुकुंदराव किर्लोस्कर यांनी नारळीकरांच्या मागे लागून त्यांना लिहिते ठेवले. १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ आली. पुढचे सर्वज्ञात आहे.

प्रशासकाच्या नजरेतून मला या प्रसंगातले यंत्र महत्त्वाचे वाटते. लेखकाचे नाव परीक्षकांसमोर आले नाही. प्रवेश सर्वांना खुला होता. निकालानंतर एक संपादक वाट पाहत होता. या तीन गोष्टींना फारसा पैसा लागला नाही, मंत्र्यांची तारीख तर मुळीच लागली नाही.

आता त्याच लेखकाला राष्ट्राने काय दिले ते पाहा. १९६५ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी पद्मभूषण; २००४ मध्ये पद्मविभूषण. हे मान शास्त्रज्ञाचे. २०१४ मध्ये साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला तो ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले आणि त्या वर्षीचा ‘विज्ञानरत्न’ मरणोत्तर जाहीर झाला. तोही अर्थातच खगोलभौतिकीसाठी. मराठीने आपल्या बाजूने काही उणे ठेवले नाही: नाशिकच्या २०२१ च्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना देऊन विज्ञानकथाकाराला साहित्याच्या मुख्य मांडवात बसवले. दिल्लीच्या कागदपत्रांत मात्र कथाकार नारळीकर जवळजवळ नाहीत. युनेस्कोने १९९६ मध्ये त्यांना विज्ञानप्रसारासाठी कलिंग पुरस्कार दिला. गंमत अशी की तो पुरस्कार १९५१ मध्ये उभा राहिला तो ओडिशाच्या बिजू पटनायक यांच्या देणगीतून आणि १९६१ मध्ये तो आर्थर सी. क्लार्क या विज्ञानकथाकाराला मिळाला होता. विज्ञानाच्या कथेकाऱ्याला मान द्यावा, ही बुद्धी एका भारतीयाच्या पैशाने जगाला झाली.

नारळीकरांचा दाखला एकटा असता तर मी त्यावर धोरण उभे केले नसते. पण त्याच्या ७८ वर्षे आधी कलकत्त्यात जवळजवळ असेच घडले होते. हेमेंद्रमोहन बोस या उद्योजकाने आपल्या ‘कुंतलीन’ केशतेलाच्या जाहिरातीसाठी कथास्पर्धा सुरू केली. १८९६ मध्ये तिचे पारितोषिक मिळाले जगदीशचंद्र बोस यांच्या ‘निरुद्देशेर काहिनी’ या कथेला. समुद्रावरचे वादळ केशतेलाची बाटली ओतून शमवले जाते, अशी ती कथा. पुढे ती ‘पलातक तुफान’ या नावाने वाढवून छापली गेली. बंगाली विज्ञानकथेच्या आरंभीचा एक टप्पा म्हणून आज तिच्याकडे पाहतात. देशाच्या दोन थोर शास्त्रज्ञांना कथालेखनाकडे ओढले ते एका तेलविक्याने आणि एका स्वयंसेवी संस्थेने.

शासकीय समित्यांत काय होते, हे मला आतून माहीत आहे. सेवेत असताना मी एके वर्षी ग्रंथपुरस्कारांच्या एका निवड समितीचा पदसिद्ध सदस्य होतो. आलेल्या पुस्तकांत एक हिंदी विज्ञानकादंबरी होती. ललित विभागाच्या परीक्षकांनी ती न उघडताच बालवाङ्मयाच्या गठ्ठ्यात सरकवली. बालवाङ्मयाच्या परीक्षकांनी ‘मुलांना जड’ म्हणून परत पाठवली. कार्यवृत्तात ‘विचारार्थ योग्य नाही’ असा शेरा पडला. मी ती कादंबरी वाचली होती आणि मला ती आवडली होती. पण बैठक लांबली होती, तीन वाजता दुसरी बैठक होती आणि साहित्याचा प्रश्न अधिकाऱ्याने काढू नये असा एक सोयीचा समज माझ्यापाशी होता. त्या कार्यवृत्तावर माझी सही आहे. लेखकाने नंतर दुसरे पुस्तक लिहिले की नाही, याची मी चौकशी केली नाही.

हा अनादर आपल्या परंपरेतून आलेला नाही, हे इतिहासाचा जुना विद्यार्थी म्हणून मला नोंदवावेसे वाटते. १९०० हे एकच वर्ष घ्या. त्या वर्षी, कोचीनला सुरू झालेल्या ‘केरळ कोकिळ’ या मराठी मासिकात कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे मराठी रूप क्रमशः छापायला घेतले. त्याच वर्षी अलाहाबादच्या नव्या ‘सरस्वती’त केशवप्रसाद सिंह यांची ‘चंद्रलोक की यात्रा’ आली. आणि त्याच वर्षी आमच्या छत्तीसगढातील पेंड्रा या आडगावातून माधवराव सप्रे या मराठी भाषिक गृहस्थांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मराठी आणि हिंदीचे संपादक आपल्या वाचकांना चंद्रावर न्यायला निघाले होते आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नव्हता. त्याआधी बारा वर्षे, १८८८ मध्ये देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ प्रसिद्ध झालेली होती. तिच्यातल्या तिलिस्मासाठी लोक नागरी लिपी शिकले, असे हिंदीचे इतिहासकार सांगत आले आहेत.

कमीपणा नंतर आला, आणि तोही निवडक. रायपूरहून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर राजनांदगाव आहे. तेथील दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. घरची भाषा मराठी, लेखणी हिंदी. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतील नामवंत कवी. ‘फँटसी’ हा शब्द हिंदी समीक्षेत गांभीर्याने आणणाऱ्यांत मुक्तिबोध अग्रभागी होते. कलानिर्मितीच्या तीन क्षणांच्या आपल्या विवेचनात त्यांनी तिला मध्यवर्ती जागा दिली. तसेच, १९९९ चा साहित्य अकादेमी पुरस्कार ज्या कादंबरीला मिळाला ती विनोदकुमार शुक्ल यांची ‘दीवार में एक खिड़की रहती थी’; तिच्यातील नवराबायको भिंतीतल्या खिडकीतून एका वेगळ्याच जगात उतरतात. पुढे २०२४ चे ज्ञानपीठ शुक्लांना जाहीर झाले आणि रायपूरकरांचा ऊर भरून आला. तेव्हा अद्भुताशी अकादमींचे वैर नाही. त्यांना खटकते ते पुस्तकावरचे लेबल, आणि ते लेबल पाहून पुस्तक विकत घेणारा वाचक.

मुक्तिबोधांचा आणखी एक तपशील येथे लागू पडतो. १९६२ मध्ये त्यांच्या ‘भारत: इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर तत्कालीन मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. आज राजनांदगावात त्यांचे स्मारक आहे आणि तेही शासनानेच जपले आहे. दोन्ही नस्तींवर सह्या करणारे अधिकारी प्रामाणिकच असतील. शासनाला त्या त्या वेळच्या हवेनुसार वागावे लागते. लेखकाचे काम पुष्कळदा उद्याच्या हवेचे असते.

परदेशातील पुरस्कारांकडे मी या दृष्टीने पाहतो. त्यांत सर्वांत जुना आणि नावाजलेला ‘ह्यूगो’. ह्यूगो गर्न्सबॅक या संपादकाच्या नावाने १९५३ मध्ये फिलाडेल्फियाच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात तो प्रथम दिला गेला. संमेलनाचे शुल्क भरून सभासद होणारा कोणीही त्यात मत देतो. लेखक आणि संपादकांच्या जोडीला ‘रसिक लेखक’, ‘रसिकांचे नियतकालिक’ असे विभाग आहेत. साठच्या दशकातील मराठी लघु-अनियतकालिके ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हा प्रकार लगेच कळेल: पदरमोड करून काढलेली, चक्रमुद्रित, टपालाने फिरणारी पत्रे, ज्यांच्यावाचून एखादा साहित्यप्रकार जिवंत राहत नाही आणि ज्यांची नोंद वाङ्मयाच्या इतिहासात तळटिपेपलीकडे जात नाही.

मतपत्रिकेवर ‘कोणालाही पुरस्कार नाही’ हाही पर्याय असतो. २०१५ मध्ये काही गटांनी संगनमताने आपापल्या याद्या घुसवल्या, तेव्हा सभासदांनी पाच विभागांत हाच पर्याय विजयी केला. आपल्याकडे २०१३ मध्ये मतदानयंत्रावर ‘नोटा’ आला. पण तेथे त्याला कितीही मते पडली तरी उमेदवारांतला कोणी तरी निवडून येतोच. ह्यूगोत तो खरोखर जिंकतो. त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट कादंबरीचा मान चीनच्या ल्यू त्सशिन यांच्या ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ला मिळाला, केन ल्यू यांच्या इंग्रजी अनुवादामुळे.

त्या विजयामागे एक शिडी होती. १९८३ च्या सुमारास ‘वैचारिक प्रदूषणा’विरुद्धच्या मोहिमेत चीनमधील विज्ञानकथेची जवळजवळ मुस्कटदाबी झाली होती, मासिके बंद पडली. तग धरून राहिलेल्यांत चंग्दू शहरातील एक मासिक होते. त्याच्या पुढाकारातून १९८६ मध्ये ‘यिन्ह’ म्हणजे आकाशगंगा पुरस्कार सुरू झाला, आणि ल्यू त्सशिन यांनी जगाला ठाऊक होण्याआधी तो अनेकदा मिळवला. एका मासिकाने आपल्या भाषेत चालवलेल्या पुरस्काराने लेखक घडवला. अनुवादाने तो बाहेर नेला.

मग २०२३ मध्ये जागतिक संमेलनच चंग्दूला भरले. जानेवारी २०२४ मध्ये मतांची आकडेवारी बाहेर आली तेव्हा दिसले की पुरेशी नामांकने मिळूनही काही नावे ‘अपात्र’ ठरवली गेली होती, त्यांत आर. एफ. कुआंग यांची ‘बेबल’ ही कादंबरी होती, तसेच एक रसिक लेखकही होते. कारण दिलेले नव्हते. पुढच्या महिन्यात उघड झालेल्या पत्रव्यवहारावरून दिसले की चीनविषयी कोणी काय लिहिले, बोलले, याची टिपणे निवडणूक चालवणाऱ्या पाश्चात्त्य स्वयंसेवकांनी स्वतःच तयार केली होती. वरून आदेश आल्याचा कागद त्यात नव्हता. ज्यांनी प्रशासनात आयुष्य घालवले आहे त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. साहेबांना काय आवडणार नाही, याचा अंदाज बांधून आधीच केलेली काटछाट सर्वांत परिणामकारक असते, आणि तिची नस्ती कधी तयार होत नाही.

पुढच्या वर्षी ग्लासगोच्या संयोजकांना आढळले की कोणी तरी एका उमेदवारासाठी पैसे भरून सभासद उभे केले आहेत. त्यांनी ३७७ मते बाद केली आणि निकालाआधीच हे जाहीर केले. ज्याच्यासाठी हा खटाटोप झाला त्या उमेदवाराचा यात हात असल्याचा पुरावा नाही, हेही सांगून टाकले. दोन वर्षांतील हे दोन प्रसंग मी कोणत्याही प्रशिक्षण संस्थेत शेजारी शेजारी ठेवून शिकवीन.

जपानचा ‘सेइउन’ १९७० पासून तेथील राष्ट्रीय विज्ञानकथा संमेलनाचे सभासद मतदानाने देतात. ऑस्ट्रेलियाचा ‘डिटमार’ १९६९ चा. ‘डिटमार’ हे एका रसिकाच्या नावातील मधले नाव. न्यूझीलंडच्या पुरस्कारावर मात्र क्षणभर थांबावेसे वाटते, कारण तो आमच्या जातकुळीतल्या माणसाच्या नावाने आहे. सर ज्युलियस व्होगेल १८७० च्या दशकात त्या वसाहतीचे पंतप्रधान आणि त्याआधी खजिनदार होते. प्रचंड कर्ज काढून त्यांनी रेल्वे आणि रस्ते बांधले आणि त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या. १८८९ मध्ये त्यांनी एक कादंबरी लिहिली. तिच्यात इ. स. २००० मध्ये राज्यकारभाराची मोठी पदे स्त्रियांकडे आहेत. कादंबरी कंटाळवाणी आहे असे जाणकार म्हणतात. पण चारच वर्षांनी न्यूझीलंडमध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला, आणि २००० साल उजाडले तेव्हा तेथे पंतप्रधान, विरोधी पक्षनेत्या आणि सरन्यायाधीश या तिन्ही स्त्रिया होत्या. अर्थमंत्र्यांचे आकडे सहसा इतके बरोबर येत नाहीत! त्यांच्या नावाचा पुरस्कार मात्र सरकार देत नाही; तेथील विज्ञानकथाप्रेमींची संघटना देते आणि त्यात रसिकांच्या कामाचेही विभाग आहेत.

भारतात हे कसे व्हावे? आपल्या देशात वाचकांच्या मतदानाचा पुरस्कार काढला की मोठ्या भाषांची संख्या छोट्या भाषांना बुडवणार. शिवाय कोणता गट किती सभासद भरतो, याचा खेळ आपल्याला ग्लासगोहून शिकावा लागणार नाही. सहकारी संस्थांच्या आणि साहित्य महामंडळांच्या निवडणुकांत तो आपण पुरेसा शिकलो आहोत. इंग्रजीत लिहिणाऱ्यांची अडचण तशी कमी आहे. श्रीलंकेचे वज्र चंद्रसेकरा यांच्या इंग्रजी कादंबरीला २०२४ मध्ये अमेरिकेतील लेखकसंघटनेचा ‘नेब्युला’ मिळाला. छत्तीसगढीतल्या कथेला ती वाट नाही.

मला दोन टप्प्यांची रचना योग्य वाटते, साधारण राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत प्रादेशिक आणि केंद्रीय परीक्षक मंडळे असतात तशी. पहिला टप्पा प्रत्येक भाषेतील संस्थेने आपापल्या पद्धतीने, नाव झाकून, घ्यावा. मराठीत परिषदेचा पायंडा तयार आहे. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी वाढवलेला वाचकवर्गही आहे. गोंडी किंवा छत्तीसगढीत असे कोणी नसेल तर शेजारच्या भाषेने काही वर्षे आसरा द्यावा. दुसऱ्या टप्प्याला फक्त अनुवादित मजकूर जावा, म्हणजे मूळ भाषेचे वजन मतात उतरणार नाही. मतांचा हिशेब, बाद झालेल्या प्रवेशिका आणि त्यांची कारणे छापावीत. ‘या वर्षी कोणीही नाही’ ही जागा राखून ठेवावी. आणि एक मान दरवर्षी अशा माणसाला असावा ज्याने एक ओळही लिहिली नसेल: वाचनालय चालवणारा, शाळेत हस्तलिखित काढणारा, जुन्या ‘नवल’चे अंक उकिरड्यावरून उचलून जपणारा.

शासनाने यात काय करावे? अनुवादाचा खर्च द्यावा, निवडलेली पुस्तके ग्रंथालयांसाठी विकत घ्यावीत आणि व्यासपीठावर खुर्ची मागू नये. हे नवे नाही. १९९३ मध्ये राष्ट्रीय पुस्तक न्यासाने बाळ फोंडके यांच्या संपादनाखाली भारतीय भाषांतील विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह काढला होता. लक्ष्मण लोंढे यांची ‘दुसरा आइन्स्टाईन’ ही कथा इंग्रजीत गेल्यावर जेम्स गन यांनी १९९८ मध्ये जगभरच्या विज्ञानकथांच्या आपल्या संकलनात ती घेतली. एका मराठी कथेला कॅन्ससच्या प्राध्यापकापर्यंत पोहोचवायला अनुवाद पुरला.

केंद्राचा कल पाहता नवा शासकीय पुरस्कार निघण्याची शक्यता तशीही कमी आहे. २०२२ मध्ये विज्ञानविषयक मंत्रालयांच्या पुरस्कारांचा आढावा घेऊन त्यांतील बहुतेक बंद करण्याचे ठरले आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी राष्ट्रीय विज्ञान पुरस्काराचे चार प्रकार आले. पुरस्कारांची गर्दी हटवणे योग्यच होते. एकेकाळी मी स्वतः अशा याद्या टंकून घेतल्या आहेत ज्यांतील निम्म्या पुरस्कारांचे मानकरी खात्यालाही आठवत नसत. मात्र हे चारही प्रकार विज्ञान करणाऱ्यांसाठी आहेत. विज्ञानातून उद्याची कल्पना करणाऱ्याला त्यांत जागा नाही, आणि ती तेथे असावी असा माझा आग्रहही नाही.

दिवाळीनंतर ते शिक्षक पुन्हा आले. माझ्या सांगण्यावरून त्यांनी कथा हिंदीत उतरवली होती. ‘बियासी’, ‘मटासी’, ‘कन्हार’ हे म्हातारीच्या तोंडचे शब्द त्यांनी तसेच ठेवले होते. हिंदी केले की म्हातारी कृषी अधिकाऱ्यासारखी बोलू लागते, असे त्यांचे म्हणणे. शेवट मात्र वेगळा वाटला. आधीच्या मसुद्यात म्हातारी यंत्राला सर्व काही सांगून टाकते. नव्यात ती त्याला ओसरीवर बसवून ठेवते आणि म्हणते, आधी माझ्याबरोबर शेतावर चल, चिखलात उतर, मग विचार.

हा बदल का केला, असे मी विचारले. आठवीच्या वर्गात त्यांनी दोन्ही शेवट वाचून दाखवले होते आणि हात वर करायला लावले होते. त्यांना स्वतःला पहिला शेवट अधिक पसंत होता. ‘‘पण मुलांनी हरवले, सर,’’ ते म्हणाले आणि पाने पिशवीत ठेवू लागले.